नववं कलम: टाकी रिकामी

आप्पांच्या भुवया गेल्या वर्षी जळाल्या. परत उगवल्या, पण उजवी जरा तिरकी उगवली, त्यामुळे आता ते समोरच्याच्या प्रत्येक वाक्यावर शंका घेतल्यासारखे दिसतात. शंका ते आधीही घ्यायचे. फक्त तेव्हा ती चेहऱ्यावर दिसत नसे.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. निपाणीजवळ हायवेला त्यांचं गॅरेज होतं. तंबाखूचे ट्रक, जीपगाड्या, पुढे पुढे मोटारी. हात थरथरायला लागले तेव्हा गॅरेज सोडलं आणि कंग्राळीच्या घरी परत आले. गॅरेज सोडलं, हत्यारं सोडली नाहीत. घरामागे पत्र्याची शेड मारली, भिंतीला पाने टांगले आणि गल्लीतल्या गाड्या फुकट दुरुस्त करायला लागले. आई गेल्यापासून त्या घरात ते एकटेच. मी तीन गल्ल्या पलीकडे सासरी असते, एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि रोज संध्याकाळी आप्पांकडे चक्कर मारते. भाजी, गोळ्या, नळाला पाणी आलं का, गॅसचं बटण बंद आहे का. हे सगळं माझ्या वहीत असतं. वह्यांवरून घरातले हसतात, पण गॅसचं कार्ड सापडेना झालं की माझ्याकडेच येतात.

भुवयांचं असं झालं. शेजारच्या कुणाच्या तरी जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर आप्पा शेडमध्ये पेट्रोलच्या ताटात धूत होते. पाऊस होता म्हणून दार लावून घेतलेलं. अंधारलं म्हणून त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. ताटातलं पेट्रोल जागच्या जागी राहिलं, पेटली ती शेडमधली हवा. आप्पा स्वतःच बाहेर आले, तोंडावर पाणी मारलं आणि मला फोन केला, "काय न्हाय, जरा शेकलंय." मी पळत गेले तर चेहरा सोललेल्या अंड्यासारखा.

माझा मोठा भाऊ, अण्णा, कागलला राहतो, म्हणजे राज्याच्या बॉर्डरच्या पलीकडे. तो त्या दिवशी आला, आप्पांकडे बघितलं आणि शेडकडे बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेड पाडायची. हत्यारं भंगारात घालायची. एक दिवस म्हातारा स्वतःला पेटवून घील, आनि लोक इच्यारतील पोरं काय करत हुती."

पुढे मी अण्णाबद्दल बरंच वाईट बोलणार आहे, म्हणून हे आधी सांगून टाकते: त्याची भीती खरी होती. मलाही तीच होती. रात्री फोन वाजला की मी आधी चपला घालायचे, मग तो उचलायचे.

पण आप्पा घरात पाहुण्यासारखे बसतात. खुर्चीच्या कडेवर, हात मांडीवर, टीव्हीवर जे लागेल ते बघत. शेडमध्ये गेले की पाठ सरळ होते आणि नटबोल्टांना शिव्या सुरू होतात, त्याही मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत. शेड गेली तर मागे जो माणूस उरेल तो खुर्चीच्या कडेवरचा. हे अण्णाला सांगून कळत नव्हतं, कारण तो यायचा रविवारी, आणि रविवारी मटण असल्यामुळे आप्पा खुशीत असायचे.

असं वर्ष ढकललं. मग अण्णाची गाडी बिघडली.

जुनी पेट्रोल गाडी. त्याने फोनवर सहज तक्रार केली आणि आप्पांनी लगेच तपासणी सुरू केली.

"चढाला धाप लागती का?"

"तवंदीच्या घाटात तीनदा बंद पडली."

"मागच्या शिटाखालनं कुंई कुंई करती?"

"व्हय."

"आनि काटा?"

"काटा तर मरून पडलाय. टाकीत किती हाय कायबी कळत न्हाय."

"पंप गेलाय टाकीतला. काटाबी त्यालाच जोडल्याला असतोय. नवा घिऊन ये, मी बदलतो."

अण्णाने "बघतो" म्हणून फोन ठेवला. फोन स्पीकरवर होता, मी भाजी निवडत होते. अण्णाला 'नाही' म्हणायचं होतं, पण ते आप्पांच्या तोंडावर म्हणण्याचा प्रसंग त्याने आयुष्यात कधी येऊ दिला नव्हता. पाच मिनिटांनी माझा फोन वाजला.

"तू सांग त्यास्नी. पेट्रोलचं काम हाय ते. गेल्या येळंला भुवया गेल्या, आता काय डोस्कं घालवायचंय?"

मी मध्ये पडले. शर्त मी घातली, दोघांनी मान्य केली. काम होईल ते माझ्या यादीप्रमाणे. सगळं नीट पार पडलं तर शेड राहील. यादीतलं एक जरी कलम मोडलं तर दिवाळीनंतर शेड बंद, हत्यारं बाहेर, पुन्हा विषय नाही.

"यादी कोन करनार?" आप्पांनी विचारलं.

मी वहीचं कोरं पान काढलं.

आठवडाभर मी यादी केली. गाडीचं पुस्तक वाचलं. शाळेच्या वाटेवरच्या गॅरेजवाल्याला तीन सकाळी प्रश्न विचारले. चौथ्या सकाळी तो मला बघून गाडीखाली गेला. तेवीस कलमं झाली. काम उघड्यावर, शेडमध्ये नाही. इंजिन गार. टाकीचं झाकण आधी उघडायचं. पंपाचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारी डबी, काढून इंजिन चालू करायचं आणि आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. कपडे सुती. मोबाइल घरात. वाळूची बादली, आग विझवायचं सिलिंडर. पाणी नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन अंगणभर फिरून येतं. तोंडाने नळी ओढायची नाही. पंपाची रिंग सोडवायला लोखंडी हत्यार लावायचं नाही. आणि नववं, टाकी रिकामी. पंप टाकीच्या वरच्या तोंडातून निघतो, मागच्या सीटखालून. टाकी भरलेली असली तर तोंड उघडल्याबरोबर पेट्रोल थेट गाडीच्या आत.

आप्पांनी चष्मा लावून यादी वाचली. तिरकी भुवई आणखी वर गेली.

"बॅटरी आदी काढायची. रिले-बिले काय नसतंय."

"आप्पा, बॅटरी आधी काढली तर इंजिन चालू कसं होणार? मग दाब कसा उतरणार?"

"कसला दाब? नळी काढली की दोन थेंब गळत्यात, फडकं लावायचं."

"ते कार्बोरेटरला. ह्या गाडीच्या नळीत दाब असतोय. काढली की डोळ्यात पिचकारी."

त्यांनी ते कलम पुन्हा एकदा वाचलं. मग पेन घेऊन त्या कलमापुढे स्वतः 'बरोबर' लिहिलं. माझ्या आठवणीत त्यांनी मला 'बरोबर' म्हटलेलं हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा दहावीच्या निकालाला, तेही गुणपत्रिकेची बेरीज स्वतः करून बघितल्यावर.

शनिवारी मी अण्णाला फोन केला. "येताना टाकी रिकामी असू दे. दोन-तीन लिटर, इथवर पोचण्यापुरतं."

"व्हय व्हय," अण्णा म्हणाला.

मी वहीत नवव्या कलमापुढे खूण केली. शाळेत कुणी कागद न बघता सही केली तर मी त्याला दहा मिनिटं ऐकवते. इथे मी दुसऱ्याच्या 'व्हय व्हय'वर खूण केली, आणि त्या रात्री छान झोपले.

रविवारी सकाळी सातला मी आप्पांकडे पोचले तर ते हत्यारांच्या पेटीसमोर उदबत्ती ओवाळत होते. चाळीस वर्षांची सवय. पेटीला हळदकुंकू, उदबत्ती, मग पाना.

"आप्पा, सहावं कलम. जाळ नाही, निखारा नाही."

"ही देवाची हाय."

"पेट्रोलला कळत नाही देवाची का कुणाची ते."

शेवटी पेटी उचलून आत नेली, स्वयंपाकघरात देवापुढे ठेवली आणि पूजा तिथे झाली. पेटी पंचवीस किलोची. उदबत्ती पूर्ण विझून गार होईपर्यंत आम्ही दोघं राखेकडे बघत बसलो. मग मी पेटी परत बाहेर आणली, कारण उचलायला आप्पा आले तर पेटीपेक्षा त्यांच्या पाठीची काळजी.

त्यानंतर शेजारची आक्का. तिच्या परसात आंघोळीच्या पाण्याची चूल रोज नऊपर्यंत जळते आणि आमच्यामध्ये फक्त एक कुंपण. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि कुठल्या चुलीला जाऊन भेटेल सांगता येत नाही. मी तिला विनंती केली की आज चूल विझव.

"मग आंघूळ?"

"दुपारी."

"आमच्या मालकास्नी सांगू का तसं? त्यास्नी आनंदच हुईल." आणि तिने चुलीवर पाणी ओतलं.

साडेआठला अण्णा आला. अंगात चकचकीत ट्रॅकसूट, चालताना सरसर वाजणारा. बाराव्या कलमात तो बसत नव्हता, त्या कापडात घासून ठिणगी पडते. मी त्याला आप्पांचा धुतलेला लेंगा आणि बनियन दिलं. आप्पा साडेपाच फूट, अण्णा सहा. लेंगा पोटरीवर संपला.

"काय अवतार क्येलाय माझा," अण्णा म्हणाला.

"सुम्म बस," आप्पा म्हणाले. निपाणीच्या गॅरेजमध्ये गडी जास्त बोलला की ते असंच त्याला गप्प करायचे.

गाडी अंगणात मधोमध लावली. इंजिन गार व्हायला तासभर थांबलो. मग मी कलमं वाचायची आणि आप्पांनी करायचं असं सुरू झालं. टाकीचं झाकण उघडलं. रिले काढला, किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं, गुरगुरलं आणि दम तोडून बंद पडलं. पुन्हा दोनदा किल्ली मारली, काही नाही. आप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली. बॅटरीची वायर काढून फडक्यात गुंडाळून बाजूला वळवली. मोबाइल तिन्ही आत. सिलिंडर मी अण्णाच्या हातात दिलं. ते त्याने बारशातल्या बाळासारखं धरलं.

मागची सीट निघाली. तिच्याखाली एक कंगवा, दोन शेंगा आणि वहिनीचं हरवलेलं कानातलं सापडलं. कानातलं अण्णाने बनियनच्या आत टाकलं आणि पुढचा अर्धा तास ते शोधत राहिला. सीटखालचं पत्र्याचं झाकण काढलं. आप्पांनी ब्रशने आणि ओल्या फडक्याने धूळ साफ केली, कारण ती टाकीत पडली तर नवा पंपही महिन्यात कुंई कुंई करायला लागतो. वायरचा जोड काढला. नळीच्या जोडावर फडकं धरून तो दाबला. दोन थेंब आले, फडक्यात गेले.

आता रिंग. पंप टाकीला प्लास्टिकच्या मोठ्या रिंगने आवळलेला असतो, बरणीच्या झाकणासारखा. आप्पांनी सागवानाचा एक ठोकळा आणि लाकडी हातोडा काढला. ठोकळा रिंगच्या खाचेला लावला, हातोडा उचलला आणि थांबले.

"गाडी हलवा जरा," ते म्हणाले.

"आता?" अण्णा म्हणाला.

"हँडब्रेक काढ आनि दोघं मिळून पुढं-मागं करा."

हे यादीत नव्हतं. पण आम्ही हलवली. आप्पा मागच्या सीटच्या जागी गुडघ्यावर बसून कान टाकीकडे लावून ऐकत होते.

"परत."

परत हलवली.

"टाकीत किती हाय रं?" आप्पांनी अण्णाला विचारलं. आवाज एकदम साधा.

"काटा चालत न्हाय की आप्पा, कसं सांगू..."

"काट्याला न्हाय, तुला इच्यारतोय. रिकाम्या टाकीत प्याट्रोल खळखळतंय. ही गप हाय. कवा भरलीस?"

अण्णाने सिलिंडर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"सकाळी. कोगनोळीत."

"किती?"

"फुल्ल."

आता हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही, पण लांबच्या वाचकासाठी सांगते. अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, पेट्रोल स्वस्त. पलीकडची माणसं कोगनोळीचा नाका ओलांडला की पहिल्या पंपावर गाडी घालतात. तिथे पलीकडच्या नंबरांच्या गाड्यांची रांगच असते. लग्नाला जायचं असो, मयताला जायचं असो, आधी टाकी. अण्णा तर पंपाचं मशीन आपोआप बंद झाल्यावर समाधान न मानणाऱ्यांपैकी. खाली उतरून गाडी कंबरेने हलवतो, आतली हवा काढतो आणि आणखी लिटरभर मानेपर्यंत घालून घेतो.

"अण्णा," मी म्हटलं, "मी काल फोनवर काय सांगितलं होतं?"

"रिकामी आनायला."

"मग?"

"रिकामीच आनत हुतो गं! कागलवरनं निघालो तवा रिकामीच हुती. पर नाका आला, पंप दिसला, आनि गाडी... वळली."

"गाडी वळली?"

"पंधरा वर्सं वळतीया. आज मुद्दाम थांबवायची कशी?"

आप्पा गाडीतून उतरले. ओरडले नाहीत. त्यांनी फक्त ठोकळा खाली ठेवला, आणि मला एकदम कळलं की तो हातोडा खाली आला असता तर काय झालं असतं. रिंग सैल होताच मानेपर्यंत भरलेलं पेट्रोल आप्पांच्या गुडघ्यांवर, सीटच्या जागेत, गालिच्यात. आणि मध्ये बसलेले ते. माझ्या वहीत नवव्या कलमापुढे निळ्या शाईची खूण होती. मी ती बघितली आणि वही मिटली.

पुढचा तासभर पेट्रोल काढण्यात गेला. आप्पांनी सवयीने नळी उचलून तोंडाकडे नेली. मी नुसतं "आप्पा" म्हटलं. त्यांनी नळी खाली घेतली आणि म्हणाले, "चव इसरलो का बघत हुतो." मी आणलेला रबरी फुग्याचा हातपंप लावला. आप्पांकडे पेट्रोलचे दोन लोखंडी कॅन होते. ते जमिनीवर ठेवून भरले, झाकणं लावली आणि सावलीत लांब नेऊन ठेवले. टाकीत अजून अर्ध्याहून जास्त होतं.

अण्णाने शेजारच्या आक्काच्या परसातल्या दुधाच्या कॅनकडे बघितलं.

"आक्का, दोन कॅन देतीस का तासभर?"

"आनि उद्या डेअरीत फॅट किती लागंल? का प्याट्रोल किती लागंल?" आक्का म्हणाली. "माझ्या म्हशीचं नाव घालवशील."

मग तिनेच तोड काढली. तिने कुंपणावरून हाक मारली आणि दहा मिनिटांत गल्लीतल्या पाच दुचाक्या दारात. चालू करून नाही, ढकलत आणलेल्या, कारण गेटात मी उभी होते. एकेका गाडीच्या टाकीत हातपंपाने पेट्रोल जाऊ लागलं. प्रत्येकाने झाकण उघडताना अण्णाकडे बघून कृतज्ञतेने मान लववली. अण्णा सिलिंडर छातीशी धरून, आखूड लेंग्यात, आपलं स्वस्तातलं पेट्रोल कंग्राळीच्या गल्लीत वाटलं जाताना बघत होता.

"दर रव्वारी बिघडती का वो गाडी?" एकाने विचारलं.

"फुडं हो," अण्णा म्हणाला.

टाकीत नळी कोरडी ओढायला लागली तेव्हा आप्पांनी पुन्हा गाडी हलवून घेतली. तळाला थोडंसं खळखळलं. मलासुद्धा ऐकू आलं. गेटातून सगळ्यांना घालवलं, गाडीची चारी दारं उघडी ठेवून वाफ जाईपर्यंत थांबलो आणि मग आप्पा परत आत बसले.

ठोकळा, हातोडा. पहिला ठोका खाचेवर. दुसरा निसटला आणि अंगठ्यावर. तिसरा पुन्हा निसटला. मी गाडीच्या दारात उभी होते आणि त्यांचा हात बघत होते. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आजवर मी थरथर बघितली होती ती चहाच्या कपात, तिथे ती चहाची वाटायची.

"ये गं," ते म्हणाले. "हित बस. मी सांगतो तसं मार."

मी बसले. तळहात आधी गाडीच्या उघड्या पत्र्याला लावला, अंगातली वीज उतरायला, ते कलम माझंच होतं. चार ठोक्यांत रिंग फिरली. पंप अर्धा वर आला, एक लांब डबा, त्याला खाली बारीक तारेवर एक तरंगणारा गोळा.

"सरळ वडू नगंस. तार वाकंल. तुझ्याकडं कलता कर. आजून. आता फिरव. बास. थांब, आतलं प्याट्रोल खाली सांडू दे टाकीत. आता काढ."

तो निघाला. मी तो तसाच लोखंडी ताटात ठेवला आणि टाकीच्या तोंडावर लगेच झाकण. नवा पंप त्याच वाटेने आत गेला, नवं रबरी कडं बसवून, आप्पांच्या शब्दांवर आणि माझ्या हातांनी. आप्पा एकदाही ओरडले नाहीत. मी एकदा चुकीच्या दिशेने फिरवलं तेव्हा त्यांनी फक्त कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं, ते मला समजलं आणि लिहिण्यासारखं नाही.

सगळं जोडलं, वायर लावली, किल्ली दोनदा फिरवून गळती बघितली, मग इंजिन चालू केलं. कुंई कुंई बंद. काटा हलला आणि खाली जाऊन टेकला, खरोखर रिकाम्यावर. अण्णा त्या काट्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत होता. त्यातलं वडिलांसाठी किती आणि पेट्रोलसाठी किती, मी विचारलं नाही.

चहाला आम्ही आतल्या खोलीत बसलो. अण्णा अजून लेंग्यातच. शेडचं नाव आप्पांनीच काढलं.

"आता शेडीचं बोला."

"काय बोलायचं आता?" अण्णा बशीत बघत म्हणाला. "चूक माझी. शर्तीचं इसरा. शेड ऱ्हाऊ दे."

"खूण मी केली होती," मी म्हटलं. "न बघता."

"तुमच्या चुका तुमच्याकडं ठेवा," आप्पा म्हणाले. "मी माझं सांगतो. ती गाडी मी कशाला हलवाय लावली?"

"टाकी भरल्याली हाय का बघाय," अण्णा म्हणाला.

"न्हाय. हातोडा उचलला आनि हात लई थरथराय लागला. तुमी दोघं बघत हुता. तुमचं डोळं दुसरीकडं जावं म्हनून म्हनलं, गाडी हलवा. मग ती खळखळंना, ते कानाला लागलं." त्यांनी चहा संपवला. "तुमी नसता तर मी हलवली नसती. एकट्याला कुनाफुडं लाज? हानला असता हातोडा."

मी अण्णाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. सकाळपासून आम्ही दोघंही मनात म्हणत होतो की आप्पांच्या कानाने वाचवलं. तसं त्याने वाचवलंही होतं. पण हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. शेड त्यांना मिळाली होती, अण्णाने आत्ताच दिली होती.

"मग बंद करायची का?" अण्णाने विचारलं. पहिल्यांदाच तोंडावर, आणि अगदी हळू.

"बंद कशाला? कान हाईत, डोस्कं हाय. दोन कुलपं घाला. एकाची किल्ली मला, एकाची हिला. दोनी किल्ल्या आल्याबिगार दार उघडायचं न्हाय. देवळाच्या पेटीला असत्यात तशी."

"आणि मला वेळ नसला तर?" मी म्हटलं.

"तर न्हाय उघडायचं."

अण्णा संध्याकाळी निघाला. कॅनमधलं थोडं पेट्रोल त्याच्या टाकीत घातलं, नाक्यापर्यंत पोचेल इतकं. पुढचं त्याने कुठे भरलं असेल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून दोन कुलपं आणली, आप्पांनी दाराला दुसरी कडी ठोकून घेतली, सुताराकडून. त्यांची किल्ली करदोट्याला असते, माझी ऑफिसच्या पर्समध्ये.

मागच्या महिन्यात मला ताप आला. दोन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या दारात. तीन गल्ल्या चालत आलेले, धोतर झटकत. माझी पर्स त्यांच्या समोरच खुंटीला लटकत होती, चेन उघडी, किल्ली वरच दिसत होती. ते खुर्चीच्या कडेवर बसले. माझ्या कपाळाला हात लावला. थरथरता हात, पण गार आणि बरा वाटणारा. चहा घेतला. कालचा पेपर पूर्ण वाचला, निधनवार्तांसकट.

उठताना म्हणाले, "आक्काच्या मालकाची गाडी दोन दिस झालं दारात हुबी हाय. चोकचं काम हाय, घाई न्हाय."

"उद्या येते," मी म्हटलं.

"ताप उतरू दे आदी," ते म्हणाले, आणि चपला घातल्या.